कागदाचे विमान, कागदाचे यान

मंडळी, लहानपणी तुम्ही कागदाचे विमान केले होते काय? विमान केले नसेल, तर होडी तरी केलीच असेल. पहिला पाऊस पडतो, गल्लीतून पाणी वाहू लागते, आणि पोरे होड्या सोडतात. आपणही सोडल्या. पुढे कामाला लागलो आणि विसरलो.

आज कागदाच्या विमानाचा धडा वाचू. हा धडा नुसता वाचायचा नाही, हाताने करायचाही आहे. कात्री, पट्टी, पेन्सिल आणि थोडी खळ जवळ घेऊन बसा. घरातले पोर जवळ असले तर फारच चांगले.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो.

वैजापूर तालुक्यात एका वस्तीवर आमचा रात्रीचा वर्ग चालत असे. साल २०२३. त्या वर्षी पावसाने दडी मारली. सगळा ऑगस्ट कोरडा गेला. कपाशीने माना टाकल्या. दिवसभर आभाळाकडे पाहायचे आणि रात्री वर्गाला यायचे, असा लोकांचा क्रम झाला होता. शेतात काम नसले की माणूस वर्गाला नेमाने येतो. हे वाईट आहे, पण खरे आहे.

२३ ऑगस्टला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी भारताचे चांद्रयान-३ चंद्रावर उतरले. वस्तीवरच्या लोकांनी ते टीव्हीवर पाहिले. टाळ्या वाजवल्या. एक म्हातारी म्हणाली, "तिथं तरी पाऊस हाय का, ते पाहा म्हणावं." सगळे हसले, पण त्या हसण्यात जीव नव्हता.

त्यानंतर दोन दिवसांनी वर्गातले एक गृहस्थ आपल्या मुलाचा दंड धरून आले. वय पंचेचाळीसच्या पुढे. मुलगा सातवीतला.

"गुरुजी, या पोराला तुमीच विचारा. माझी वही फाडली यानं."

ही वही साधी नव्हती. जन्मात पहिल्यांदा मिळालेली त्यांची स्वतःची वही होती. ते ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फळीवर ठेवीत. पहिल्या पानावर त्यांनी आपले नाव वीस वेळा लिहिले होते. नेमके तेच पान मुलाने फाडले होते. त्याचे विमान करून ते पत्र्यावर उडवले होते.

मी मुलाला विचारले, "काय केलंस रे?"

"चांद्रयान केलं."

"मागं कोरी पानं होती की. लिहिलेलंच पान का घेतलंस?"

मुलगा खाली पाहून म्हणाला, "कोऱ्या पानांवर दादांना लिहायचं होतं ना अजून. हे तर लिहून झालेलं होतं."

बाप गप्प झाला. मीही गप्प झालो. काय बोलणार? पोराच्या हिशेबाने त्याने बापाचे नुकसान वाचवले होते. मी ते विमान हातात घेतले. अर्धे नाव एका पंखावर होते, अर्धे दुसऱ्या पंखावर. मी घड्या उलगडल्या, पान सपाट केले आणि गृहस्थांच्या हातात दिले. मग म्हणालो, "भाऊ, झालं ते झालं. उद्या आपण खरं यान करू. वही न फाडता."

आता कागदाविषयी थोडे सांगतो. कागद समजला नाही, तर यान जमणार नाही.

आपला आणि कागदाचा संबंध जुना आहे. आपल्याच जिल्ह्यात दौलताबाद आणि खुलताबाद यांच्यामध्ये कागजीपुरा नावाचे गाव आहे. महंमद तुघलकाने १३२७ साली दिल्लीची राजधानी दौलताबादला आणली. त्या काळापासून तिथे कागद करणारे कारागीर वसले, असे सांगतात. चिंध्या भिजवायच्या, कुटायच्या, त्यांचा लगदा पाण्यात कालवायचा आणि तो चाळणीवर उचलून वाळवायचा. असा तो हातकागद.

गिरणीच्या कागदात आणि हातकागदात एक फरक आहे. गिरणीत लगदा एकाच दिशेने धावतो, म्हणून त्याचे बहुतेक तंतू एका दिशेला लागतात. लाकडाला जशी शीर असते, तशी या कागदाला असते. लाकूड शिरेने फोडले तर सरळ फुटते आणि आडवे फोडले तर वेडेवाकडे फुटते. कागदाचेही तसेच आहे. जुने वर्तमानपत्र घ्या. उभे फाडून पाहा, आडवे फाडून पाहा. एका बाजूने सरळ पट्टी निघेल, दुसऱ्या बाजूने वाकडी. ज्या बाजूने सरळ फाटते, ती कागदाची शीर. नळी वळायची असेल, तर शीर नळीच्या लांबीच्या दिशेने राहू द्या. मग नळी गोल वळते, मोडत नाही. हातकागदाचे तंतू चहूकडे पसरलेले असतात, त्यामुळे त्याला अशी शीर फारशी नसते.

हे पतंग करणाऱ्यांना विचारा. वैजापूरच्या शेजारी येवले आहे. संक्रांतीला तिथे भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस पतंग उडतात. पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे गच्चीवर, आणि प्रत्येकाच्या हातात आसारी. बांबूची कामटी किती तासायची, कागद कुठे ताणायचा आणि कुठे सैल ठेवायचा, हे त्या हातांना ठाऊक असते. दिवाळीचा आकाशकंदीलही घरोघर असाच होत असे. कोणी चांदणीचा करी, कोणी विमानाचा. कामट्या, रंगीत कागद आणि खळ. म्हणजे कागदाचे विमान करणे हा काही बाहेरून आलेला छंद नव्हे.

कागदाची विमाने दोन जातीची. एक उडणारे, दुसरे दिसणारे.

उडणारे विमान पोरे करतात, ते. त्याला कात्री नको, खळ नको. फक्त घड्या. पण उडण्याला नियम आहेत. विमानाचे नाक जड पाहिजे, म्हणून पुढच्या बाजूला घड्या जास्त असतात. दोन्ही पंख सारखे पाहिजेत. एक पंख मोठा झाला, की विमान वळून भिंतीवर जाते. सोडल्याबरोबर नाकावर आपटत असेल, तर पंखांच्या मागच्या कडा जराशा वर वळवा. नाक वर करून मध्येच थांबत असेल आणि मग पडत असेल, तर नाक हलके झाले आहे. नाकाला एक यू-पिन लावा. टाचणी लावू नका, कोणाच्या डोळ्यात जाईल. एकदा एकच गोष्ट बदला आणि मग उडवून पाहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर कशाने सुधारले ते कळत नाही. नाशिकजवळ ओझरला विमानांचा मोठा कारखाना आहे. १९६४ साली तो मिग विमाने बांधण्यासाठी निघाला. ती मिग-२१ विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी हवाई दलातून निवृत्त झाली. धातूचा पंख असो की कागदी, तोल साधल्यावाचून दोघांचेही चालत नाही.

घड्यांच्या या कलेला जपानी लोक ओरिगामी म्हणतात. पुण्याचे लेखक डॉक्टर अनिल अवचट यांना तिचा मोठा नाद होता. कागदाचा तुकडा घेत आणि त्यातून प्राणी-पक्षी काढीत. २०२२ साली ते वारले. हेच अवचट आणि त्यांच्या पत्नी डॉक्टर सुनंदा यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्तीचे केंद्र काढले. पुण्यातच अरविंद गुप्ता या इंजिनियरांनी फेकलेल्या वस्तूंची खेळणी करून मुलांना शास्त्र शिकवले. काडेपेटीच्या काड्या, जुने कागद, रिकाम्या रिफिली. असल्या कचऱ्याला कोण विचारतो? त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली.

आणि घडी म्हणजे पोरखेळ नव्हे, हेही सांगतो. अंतराळात यानाला सूर्याच्या उन्हावर वीज करणारे मोठे पंखे लागतात. ते रॉकेटात मावत नाहीत. मग ते घडी घालून न्यायचे आणि वर गेल्यावर उघडायचे. जपानचे शास्त्रज्ञ कोर्यो मिउरा यांनी अशी एक घडी शोधली, की एक टोक ओढले म्हणजे सगळा कागद एकदम उघडतो. १९९५ साली जपानच्या यानात ती घडी अंतराळात वापरली गेली.

आता दुसरी जात, दिसणारे विमान. हे उडत नाही. खऱ्या वस्तूचे हे कागदी रूप. कापायचे, वळायचे, चिकटवायचे. आमच्या वस्तीवर आम्ही चांद्रयान-३ चे रॉकेट केले, ते असे.

खरे रॉकेट ४३.५ मीटर उंच आहे. एवढे कसे करायचे? म्हणून प्रमाण धरले. खरा १ मीटर म्हणजे आपला १ सेंटिमीटर. गृहस्थ लगेच म्हणाले, "म्हंजे तलाठ्याच्या नकाशावानी. शेत मोठं, कागद बारका." अगदी बरोबर. म्हणजे आपले रॉकेट सुमारे ४३ सेंटिमीटर उंच. एक हात समजा.

कागद कोणता? गेल्या वर्षीचे भिंतीवरचे कॅलेंडर आणि जुन्या लग्नपत्रिका. कॅलेंडरची कोरी पाठ वर आणली की रॉकेट पांढरे दिसते. खळ घरची. दोन चमचे मैदा थंड पाण्यात कालवा, गुठळी राहू देऊ नका. मग मंद आचेवर ढवळत राहा, पारदर्शक दिसू लागली की उतरवा. कीड लागू नये म्हणून वह्या बांधणारे खळीत मोरचूद टाकतात. आपण टाकू नये. ते विष आहे आणि घरात पोरे आहेत. रोज ताजी खळ करा.

मी फळ्यावर मापे लिहिली. गृहस्थांनी ती आपल्या वहीत उतरवली. मुलाला सांगितले, तू वहीला हात लावायचा नाहीस. दादा वाचतील, तू कापशील.

मधली मोठी नळी ४ सेंटिमीटर जाड आणि ३३ सेंटिमीटर उंच. नळीला कागद किती रुंद लागेल? गाडीच्या चाकाला लोहार धाव चढवतो, तेव्हा तो चाकाचा घेर धरतो. जाडीच्या तिप्पट आणि वर थोडे, हा त्याचा हिशेब. पुस्तकात तोच हिशेब असा लिहितात : जाडीला २२ ने गुणा आणि ७ ने भागा. ४ गुणिले २२ म्हणजे ८८. त्याला ७ ने भागले, की साडेबाराच्या जरा वर. मी फळ्यावर साडेबारा लिहिले.

बापाने वाचले, "रुंदी... साडे... साडेबारा. उंची तेहतीस." मुलाने मापले आणि कापले. पेन्सिलीवर कागद फिरवून त्याला बाक दिला. नळी वळली. पण चिकटवायचे कुठे? कडेला कड लागत होती, एकावर एक चढत नव्हती. खळ लावली तरी नळी उघडायची. तीनदा लावली, तीनदा उघडली.

चूक माझी होती. चिकटवण्यासाठी एक सेंटिमीटर जादा धरायला मी विसरलो होतो. वर्गासमोर कबूल केले. एवढा चांगला कागद वाया गेला, म्हणून बाकीची मंडळी हळहळली. मुलगा मात्र खुशीत म्हणाला, "गुरुजी, चांद्रयान-२ बी पडलं होतं की." ते खरेच होते. ७ सप्टेंबर २०१९ रोजी चांद्रयान-२ चे विक्रम यान उतरताना चंद्रावर आदळले होते. पोराला हे पाठ, आणि बापाला ते पहिल्यांदाच कळत होते.

मी फळ्यावरचा आकडा खोडून साडेतेरा केला. बापाने आपल्या वहीत साडेबारावर रेघ मारली, शेजारी साडेतेरा लिहिले. नळी बसली. कडा चिकटेपर्यंत दोन बोटांनी दाबून धराव्या लागतात. शंभरपर्यंत आकडे मोजा, मग सोडा.

बाजूच्या दोन नळ्या सव्वातीन सेंटिमीटरला किंचित कमी जाड. म्हणून कागद ११ सेंटिमीटर रुंद आणि २३ उंच घ्या. यात चिकटवायची कड आलीच. वर टोपी बसवली की उंची २६ च्या जवळ जाते. वरचे डोके ५ सेंटिमीटर जाड. त्याचा कागद १६.७ रुंद आणि ६ उंच. डोके मधल्या नळीपेक्षा जाड आहे, म्हणून मध्ये लग्नपत्रिकेची ५ सेंटिमीटरची गोल चकती चिकटवा.

टोपी कशी करायची? यात एक गंमत आहे. नळी जेवढी जाड, तेवढीच त्रिज्या धरून अर्धे वर्तुळ काढा. चिकटवायला एका बाजूला अर्धा सेंटिमीटर सोडा. अर्धे वर्तुळ वळवा, सरळ कडेला सरळ कड जोडा. भेळेचा पुडा होतो ना, तसा. त्याचे तोंड बरोबर त्या नळीवर बसते. ५ ची नळी, तर ५ ची त्रिज्या. हे करून पाहिल्यावर वर्गातल्या बायका म्हणाल्या, हे आम्हांला आधी सांगितले असते तर चिवड्याचे पुडे एका मापाचे झाले असते.

डोक्यात काय आहे? त्यात विक्रम यान. खरे यान साधारण २ मीटर लांब-रुंद. आपले २ सेंटिमीटरची डबी. काडेपेटीपेक्षा लहान. तिला चार पाय. हे काम बापाने मागून घेतले. नांगराला सरावलेली बोटे, नखाएवढ्या कागदावर थरथरू लागली. डबी दोनदा चुरगळली. मग त्यांनी रिफिल संपलेल्या पेनाने पट्टी धरून कागदावर दाबून रेघा ओढल्या. अशा रेघेवर घडी सरळ पडते. तिसरी डबी जमली. पायांना केरसुणीच्या चार काड्या. डोके चिकटवले नाही, नुसते बसवले. म्हणजे टोपी काढून आतले यान दाखवता येते.

रॉकेट उभे राहिले, तेव्हा एकाने विचारले, "एवढं मोठं डोलकाठीगत, अन् नेतंय एवढीशी डबी?"

हा प्रश्न चांगला होता. खरे रॉकेट निघाले, तेव्हा त्याचे वजन सुमारे ६४० टन होते. त्यातले चांद्रयान ४ टनांहूनही कमी. म्हणजे १०० क्विंटल माल लादला आणि बाजारात पोचला साधारण ६० किलो. बाकीचे काय झाले? जवळजवळ सगळे इंधनच. बाजूच्या त्या दोन नळ्यांत प्रत्येकी २०० टन घट्ट इंधन असते. ते दोन मिनिटांच्या थोडे पुढे जळते, मग नळ्या गळून पडतात. मुलाने लगेच बाजूच्या नळ्या सोडवल्या. त्या चिकटायच्या राहिल्या होत्या. मधली नळी त्या गळण्याच्या थोडी आधीच पेटलेली असते. तीही गळते. चुलीजवळ बसून तोंडी सांगितले असते, तर हे कोणाला पटले नसते. हातात नळी होती, म्हणून पटले.

मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळात थुंबा येथून भारताच्या भूमीवरून पहिले रॉकेट उडाले. त्या काळात तिथे रॉकेटचे भाग सायकलवरून नेत. १९८१ साली ॲपल नावाचा उपग्रह तयार झाला. त्याची तपासणी करायची होती. लोखंडी गाडीवर ठेवला तर तपासणीत अडथळा येई. मग तो लाकडी बैलगाडीवर ठेवला. बैल जुंपले होते. त्याचे चित्र आजही पाहायला मिळते. हे ऐकून गृहस्थ पहिल्यांदा मोठ्याने हसले. "म्हंजे आमची बी गाडी लागती की त्यांला!"

शेवटी नाव लिहायचे राहिले. मुलगा पेन घेऊन बसला. मी म्हणालो, "तू नाही. दादा लिहितील."

त्यांनी पेन्सिलीने लिहिले. उभ्या नळीवर लिहिणे अवघड. अक्षरे खाली घसरली. लिहिले ते असे : चंद्रायान.

मुलगा म्हणाला, "दादा, चांद्रयान पायजे. काना चुकला."

"कुठं?"

"च वर पायजे. तुमी र वर दिला."

बाप बराच वेळ अक्षरांकडे पाहत राहिला. मग त्यांनी खोडरबर मागितले. नको तो काना पुसला, पाहिजे तिथे दिला. कॅलेंडरच्या कागदावर पुसल्याचा डाग राहिला.

ते रॉकेट अजून त्यांच्या घरी आहे. आधी फळीवर वहीशेजारी ठेवले होते. तिथे उंदराने खळीच्या वासाने एक टोपी कुरतडली, म्हणून आता दोऱ्याने आढ्याला टांगले आहे. घरातल्या बाईंचे म्हणणे, चुलीच्या धुराने ते काळे पडते आहे, ओसरीत टांगा. मुलाचे म्हणणे, ओसरीत वारा फार. त्याचा निकाल अजून लागलेला नाही.